एक वाटा पडण्याचा, पन्नास वाटे फिरण्याचे

१४ एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकात जा किंवा अकोल्याच्या अशोक वाटिकेकडे जा, माणसांचा पूर लोटलेला दिसेल. मोठी माणसे पुस्तकांच्या दुकानांसमोर थांबतात आणि लेकरे आईचा पदर ओढत खेळण्यांच्या गाडीकडे नेतात. अशा गर्दीत, जत्रेत, आठवडी बाजारात एक खेळणे कधी ना कधी दिसतेच. दोन गोल चकत्या, मध्ये बारीक दांडी आणि दांडीला गुंडाळलेला दोरा. दोऱ्याचे टोक बोटात अडकवून चकती सोडली की ती गरगरत खाली उतरते आणि पुन्हा वर चढते. यो-यो म्हणतात तिला. दोन दिवस लेकरू खेळते, तिसऱ्या दिवशी दोरा गुंततो आणि खेळणे फळीवर जाऊन पडते.

वाचक बंधू-भगिनींनो, ते फळीवरून पुन्हा खाली काढा. आपल्या राज्याच्या बोर्डाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात पहिलेच प्रकरण फिरण्याच्या गतीवर आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले आपले लेकरू सायन्सला जाते तेव्हा पुस्तक इंग्रजीतून हाती येते, आणि शब्दांच्या धास्तीनेच ते निम्मे खचते. घरात विचारायला कुणी नसते, क्लासची फी परवडत नाही. मग 'फिजिक्स आपल्याला जमायचे नाही' असे ते मनाशी ठरवून टाकते. असे ठरवण्याआधी त्याने एक चकती स्वतःच्या हाताने बनवावी आणि ती खाली उतरताना नीट पाहावी, एवढ्यासाठी आजचे हे लेखन.

दगड लवकर, चकती उशिरा

इटलीच्या गॅलिलिओने चारशे वर्षांपूर्वी सांगितले की हवेचा अडथळा सोडला तर जड वस्तू आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने खाली पडतात. पडताना वस्तूचा वेग दर सेकंदाला ठरावीक प्रमाणात वाढत जातो. आपल्या अमरावती-अकोल्याकडे ही वाढ दर सेकंदाला सुमारे ९.७९ मीटर इतकी असते. या हिशेबाने १ मीटर उंचीवरून सोडलेला दगड ०.४५ सेकंदात जमिनीवर येतो. डोळ्याची पापणी लवावी तेवढाच वेळ.

आता दोऱ्यावरची चकती त्याच १ मीटर उंचीवरून सोडा. ती डुलत डुलत, सावकाश उतरते. तीन तीन सेकंद घेते. पृथ्वी तर दगडालाही ओढते आणि चकतीलाही ओढते. मग चकतीला एवढा उशीर का होतो?

पुष्कळांना वाटते, दोरा घासतो म्हणून. परंतु दोरा दांडीवरून घसरत नाही, तो फक्त उलगडत जातो. खरे कारण घरखर्चाच्या हिशेबासारखे आहे. वस्तू उंचावर असते तेव्हा तिच्याजवळ उंचीची ऊर्जा साठलेली असते. खाली येताना ती ऊर्जा खर्च होते आणि तिची गती बनते. दगडाला एकच खर्च आहे, खाली पडणे. म्हणून सगळी मिळकत तो पडण्यावर घालतो. चकतीच्या संसारात खर्च दोन आहेत, खाली पडणे आणि गरगर फिरणे. मिळकत तीच, वाटेकरी दोन. फिरणारा वाटेकरी जितका मोठा, तितके पडण्याच्या वाट्याला कमी येते.

वाटणी कशी होते?

समजा, चकतीचा व्यास ६ सेंटिमीटर आहे आणि दांडी ६ मिलिमीटर जाडीची आहे. म्हणजे चकती दांडीच्या दहापट रुंद. दोरा दांडीवरून उलगडतो, म्हणून चकती ज्या वेगाने खाली उतरते त्याच वेगाने दांडीचा पृष्ठभाग फिरतो. चकतीची कड मात्र मध्यापासून दहापट दूर आहे. दांडीचा एक फेरा होतो तेवढ्याच वेळात तिला दहापट लांबीचा फेरा पुरा करावा लागतो. म्हणून कड दहापट वेगाने पळते.

गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते, वेग दहापट झाला तर ऊर्जा शंभरपट होते. परंतु चकतीचे सगळे वजन कडेवर नसते. काही मध्याजवळ असते, काही अधेमधे. एकसारख्या जाडीच्या भरीव चकतीचा नेमका हिशेब केला की शंभराच्या निम्मे, म्हणजे ५० येतात.

म्हणून ५१ रुपयांची मिळकत असेल तर ५० रुपये फिरण्याकडे जातात आणि पडण्याकडे उरतो फक्त १ रुपया! चकतीचा खाली येण्याचा वेग वाढतो तो दगडाच्या एकावन्नाव्या हिश्शाने. १ मीटर उतरायला तिला ३.२ सेकंद लागतात. तेवढ्यात ती ५३ फेरे घेते, आणि तळाशी पोहोचते तेव्हा सेकंदाला सुमारे ३३ फेऱ्यांच्या वेगाने फिरत असते.

या हिशेबात चकतीचे वजन कुठेच आले नाही, हे लक्षात घ्या. वजन दुप्पट केले तर मिळकतही दुप्पट आणि दोन्ही खर्चही दुप्पट. वाटणी तीच राहते. चकती किती जड आहे यावर उतरण्याचा वेळ ठरत नाही. वजन मध्यापासून किती दूर आहे आणि दोरा मध्यापासून किती दूर ओढतो, या दोन गोष्टींवर तो ठरतो. वजन मध्यापासून दूर असले की फिरवायला जड जाते. या जडपणाला इंग्रजी पुस्तकात मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात, आणि मराठीत निरूढी परिबल असा शब्द वापरलेला आढळतो. शब्द दोन्ही भारी आहेत. वस्तू मात्र तुमच्या लेकराच्या हातात आहे.

घरातल्या तीन वस्तू

हाच नियम घरातल्या वस्तूंवर ताडून पाहता येतो. शिलाई मशीनवरचे दोऱ्याचे भरलेले रीळ घ्या. दोऱ्याचे टोक धरा आणि रीळ सोडा. येथे दोरा रिळाच्या बाहेरच्या अंगावरूनच उलगडतो, म्हणून कडेचा वेग आणि पडण्याचा वेग सारखाच असतो. रीळ भरीव धरले तर तीन वाट्यांपैकी दोन वाटे पडण्याला आणि एक वाटा फिरण्याला जातो. १ मीटरला ०.५५ सेकंद. दगडाच्या किंचित मागे.

आता चिकटपट्टी संपल्यावर उरते ते पुठ्ठ्याचे रिकामे रिंगण घ्या आणि त्यावर दोरा गुंडाळून सोडा. त्याचे सगळे वजन कडेवर आहे, मध्ये पोकळ. येथे वाटणी निम्मी-निम्मी होते आणि वेळ लागतो ०.६४ सेकंद. तिसरी वस्तू आपली चकती, बारीक दांडीवर बसलेली, ३.२ सेकंदांची. चकतीऐवजी त्याच मापाचे, सगळे वजन कडेवर असलेले चाक त्या दांडीवर बसवले तर वाटे होतात १०१ आणि वेळ जातो साडेचार सेकंदांवर.

रीळ आणि रिंगण यांतील फरक नुसत्या डोळ्यांना कळणार नाही. दोन भावंडांनी खुर्चीवर उभे राहून एकाच उंचीवरून एकाच वेळी सोडले, तर आधी कोणते टेकते ते ऐकू येईल. चकतीला मात्र घड्याळ लावता येते. गॅलिलिओजवळ सेकंद मोजणारे घड्याळ नव्हते. म्हणून त्याने गोळा सरळ खाली न टाकता उतरत्या फळीवरून घरंगळू दिला. पडण्याची क्रिया मंद झाल्यामुळे ती त्याला मोजता आली. दोऱ्यावरची चकतीही तेच काम करते. तुमच्या मोबाईलमधील घड्याळ त्याला पुरेसे आहे.

स्वतः बनवा

जाड पुठ्ठ्याच्या ६ सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापा आणि एकावर एक चिकटवून सुमारे १ सेंटिमीटर जाडीची एकच भरीव चकती करा. बरोबर मध्यभागी भोक पाडून ६ मिलिमीटर जाडीची, १५ सेंटिमीटर लांबीची गोल बांबूची काडी घट्ट बसवा. काडीच्या दोन्ही टोकांकडे एकेक बारीक मजबूत दोरा बांधा. दोन्ही दोऱ्यांची दुसरी टोके खाटेच्या माच्याला किंवा दाराच्या आडव्या पट्टीला समान उंचीवर बांधा. काडी फिरवून दोन्ही दोरे शेजारी शेजारी, एकावर एक न चढवता गुंडाळा. काडी आडवी आणि सरळ आहे ना, ते पाहा आणि सोडा.

पहिल्या खेपेला ती तिरकी होईल, दोरा एका बाजूला सरकेल. भोक मध्यावर नसेल तर ती थरथरेल. पाच-सहा वेळा करावे लागते. वेळ ३.२ पेक्षा थोडा कमी भरेल, तीन सेकंदांच्या जवळपास. असे का, हेही शोधण्यासारखे आहे. दोऱ्याची स्वतःची जाडी दांडीत मिळते, त्यामुळे दांडी किंचित जाड होते. काडीलाही थोडे वजन असते, आणि ते मध्यावरच असल्यामुळे फिरण्यात फारसा वाटा घेत नाही. दोन्ही कारणे पडण्याचा वाटा वाढवतात. हिशेबात आलेला आकडा आणि हाती आलेला आकडा यांत फरक पडला की लेकराला वाटते, आपले चुकले. त्याला सांगा, फरक का पडला ते शोधणे हाच प्रयोग आहे.

वर चढते ती कशी?

तळाशी दोरा संपतो. पडणे थांबते, पण फिरण्यात साठवलेले ५० वाटे कुठे गेलेले नसतात. चकती फिरतच राहते, दांडी दोऱ्याला दुसऱ्या बाजूने गुंडाळू लागते आणि स्वतःच्या साठ्यावर चकती वर चढते. मध्ये थोडी ऊर्जा हवा खाते, थोडी तळाच्या झटक्यात जाते. म्हणून प्रत्येक खेपेला ती आधीपेक्षा थोडी कमी उंची गाठते. हाताचा खेळ करणारा पोरगा तळाशी हलकेच झटका देतो, तो ही तूट भरून काढण्यासाठी.

आणखी एक गंमत सांगतो. चकती ५१ ग्रॅमची असेल तर उतरताना दोऱ्यावर फक्त ५० ग्रॅमचा ओढ पडतो. उरलेला १ ग्रॅम तिला खाली नेण्याच्या कामी लागलेला असतो. आणि ती वर चढत असते तेव्हा? पुष्कळजण म्हणतील, तेव्हा ओढ जास्त असणार. परंतु तेव्हाही तो ५० ग्रॅमच असतो, कारण वर जाताना तिचा वेग कमी कमी होत असतो. जास्त ओढ पडतो तो तळाच्या झटक्याला. जुना दोरा तुटतो तोही नेमका तेथेच.

टकळीपासून अंतराळापर्यंत

आपल्या कापसाच्या मुलखाला हा नियम नवा नाही. १९३७ साली वर्ध्याला नई तालीमचा विचार मांडला गेला आणि शाळेच्या शिक्षणात सूतकताई आली. जुन्या पिढीतील अनेकांनी शाळेत टकळी फिरवली आहे. बारीक तार आणि खाली गोल चकती. बोटांनी बारीक तारेला पीळ दिला की चकती फिरण्याची ऊर्जा साठवून ठेवते आणि सुताला पीळ बसेपर्यंत टकळी थांबत नाही. चकती काढून नुसती तार फिरवली तर ती लगेच बंद पडते.

चकती-दोऱ्याचे खेळणे तर त्याहून जुने. प्राचीन ग्रीसमधील सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यावर अशा खेळण्याने खेळणाऱ्या मुलाचे चित्र आहे. फिलिपाइन्समधून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी १९२८ मध्ये कॅलिफोर्नियात यो-यो बनवण्याचा उद्योग सुरू केला, आणि ते नाव जगभर गेले. एप्रिल १९८५ मध्ये डिस्कव्हरी यानातून अंतराळवीर डेव्हिड ग्रिग्ज यांनी यो-यो अंतराळात नेला. तेथे वस्तू खाली पडत नाही, तरंगते. त्यामुळे नुसता सोडून दिलेला यो-यो उलगडत नाही, त्याला हाताने ढकलावे लागते. फिरणे मात्र तेथेही तसेच चालते.

आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी बनवून विज्ञान शिकवण्याचे काम वर्षानुवर्षे केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. झाकण, दोरा, काडी यांतून विज्ञान शिकता येते, हे त्या कामाने देशाला दाखवून दिले. पुढे लेकरू बी.एस्सी.ला गेले तर प्रयोगशाळेत त्याला फ्लायव्हील भेटेल. भिंतीला बसवलेले जड लोखंडी चाक, त्याच्या बारीक आसाला दोरी, दोरीला वजन. वजन सोडायचे आणि चाकाचे फेरे मोजायचे. ज्याने घरी चकती केली आहे, त्याला ते चाक अनोळखी वाटणार नाही.

यारीचा धडा

आता एक गंभीर गोष्ट. वऱ्हाडात उन्हाळा लागला की विहिरी खोदण्याची कामे निघतात. विहिरीच्या तोंडावर यारी बसते. ड्रमावर तारेचा दोर, दोराला बादली, आणि खाली खडक फोडणारी आपलीच माणसे. यारीचा ड्रम म्हणजे दोरा उलगडणारे खेळणेच. फरक इतकाच की येथे ड्रम जागेवर फिरतो आणि बादली पडते. कामावरील काहींना वाटते, ब्रेक सुटला तरी एवढा जड ड्रम बादलीला धरून ठेवील, ती सावकाश उतरेल.

आपला हिशेब लावून पाहू. समजा भरलेली बादली १५० किलोची आहे आणि मोकळा सुटलेला ड्रम ३० किलोचा, सगळे वजन कडेवर. दोर ड्रमाच्या कडेवरूनच उलगडतो, म्हणून कडेचा आणि बादलीचा वेग सारखा. मग १८० वाट्यांपैकी १५० पडण्याला आणि अवघे ३० फिरण्याला. खेळण्यातील वाटणीच्या अगदी उलट! १२ मीटर, म्हणजे सुमारे ४० फूट खोल विहिरीत ही बादली १.७ सेकंदात तळाला पोहोचते आणि तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. दोर तुटून ती मोकळी पडली असती तर वेग ताशी ५५ भरला असता. ड्रमाने वाचवले ते एवढेच! खालच्या माणसाला वर पाहून बाजूला होण्याइतकाही वेळ मिळत नाही.

हाताने फिरवायच्या यारीत दुसरा धोका आहे. ड्रमाची त्रिज्या १५ सेंटिमीटर आणि दांड्याची लांबी ४५ सेंटिमीटर असेल, तर दांड्याचे टोक बादलीच्या तिप्पट वेगाने फिरते. वाटणी वरच्यासारखीच धरली आणि दांड्याचे स्वतःचे वजन सोडले, तर हात सुटल्यावर बादली ३ मीटर खाली जाईपर्यंत, म्हणजे एका सेकंदाच्या आत, ते टोक ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास पोहोचते. अशा वेळी दांडा पकडायला जाणाऱ्याचा हात मोडतो, जबडा फुटतो. हात सुटला की मागे सरावे, दांड्याला स्पर्श करू नये, आणि खालच्यांना ओरडून सांगावे.

म्हणून ड्रम उलटा फिरू न देणारी अडकण आणि चांगला ब्रेक, हे दोन्ही असल्याशिवाय यारी चालवू नये. बादली खाली-वर होत असताना तिच्या खाली कुणी उभे राहू नये, आणि डोक्यावर हेल्मेट असावे. मुकादम घाई करील, मजुरी तोडण्याची भाषा करील. तेव्हा घरातील शिकणाऱ्या पोराने किंवा पोरीने हा हिशेब वहीवर मांडून बापाला दाखवावा. बापाला सूत्र समजले नाही तरी १.७ सेकंद समजतील.

घरचा अभ्यास

या आठवड्यात तीन गोष्टी करून पाहा. एक, ६ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटर जाडीची काडी घेतली तर वेळ किती होईल, ते आधी वहीत काढा आणि मग मोजा. उत्तर १.७ सेकंदांच्या जवळ आले तर तुम्हाला वाटणीचा नियम समजला. दोन, चकतीच्या कडेवर समान अंतराने चार नट चिकटवा. उतरायला वेळ वाढतो की कमी होतो? तीन, तेच चार नट कडेवरून काढून दांडीला अगदी लागून चिकटवा. वजन तेवढेच राहिले, मग वेळ का बदलला?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जे लेकरू स्वतःच्या शब्दांत देईल, मग ते वऱ्हाडीत का असेना, त्याने बारावीच्या पहिल्या प्रकरणाचा गाभा आत्मसात केला असे समजावे. इंग्रजी शब्द नंतर पाठ करता येतात.